पोलोत लॉराचं 1.8 टर्बो: जुना गिअरबॉक्स टिकेल का?

सांगलीकर: 2011 ची फोक्सवॅगन पोलो, 1.2 पेट्रोल, 75 पीएस. बाबांची गाडी, इंजिन उतरवल्यापासून ते अंगणात येत नाहीत. स्कोडा लॉराचं 1.8 टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन मिळालंय, 160 पीएस, 250 न्यूटन-मीटर. फक्त पाव मैलाच्या ड्रॅग रेसला पळवायचीय. जुना गिअरबॉक्स चालेल?

घाटावरचा: भावा, पहिल्याच लाँचला, म्हणजे जोरात सुटताना, गिअरचे दात हातात येतील! तो बॉक्स 110 न्यूटन-मीटरच्या इंजिनाचा. लॉराचा मॅन्युअल बॉक्स, क्लच, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), मीटर आणि किल्ली एकाच गाडीतून उचल. इमोबिलायझर (किल्ली ओळखणारं चोरीरोधक) जुळला नाही तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं. ड्राइव्हशाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) मात्र मापाने करून घे, लॉरा रुंद आहे.

ग्रीसचे_हात: इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग चेनचा टेन्शनर बदल, नंतर हात पोचत नाही. बसेल का, ही शंका नको. 2016 ची पोलो जीटीआय 1.8 टर्बोचीच होती, 192 पीएस. खरी पंचाईत टायरची. लाँचला वजन मागे जातं, पुढची चाकं नुसती धूर काढतात. आधी चांगले टायर, मग टर्बोचा दाब (बूस्ट) वाढव.

सांगलीकर: आणि आरसी?

घाटावरचा: मोटार वाहन कायद्याचं कलम 52. आरटीओच्या मंजुरीशिवाय रस्त्यावर नाही. ट्रेलरवरून ने.

सांगलीकर: ट्रेलरचं बाबांना कोण सांगणार?