आल्तिनोचा चढ : किलोमीटरमागे किती मिनिटं धरायची?

ए-१०४ : सोसायटीतल्या धावणाऱ्या मंडळींना एक प्रश्न. पणजीत मिरामारला सपाट रस्त्यावर ७ मिनिटांत किलोमीटर आरामात होतो. आल्तिनोच्या टेकडीवर तोच वेग धरला की अर्ध्यातच धाप लागते. ताकद कमी पडतेय का?

सी-३०१ : ताकद पुरेशी आहे दादा, घड्याळ बघणं सोडा. चढावर वेग नाही, श्वास सांभाळायचा. मिरामारला धावताना जेवढं बोलता येतं तेवढंच वर चढताना बोलता आलं पाहिजे, मग किलोमीटरला ९ मिनिटं लागोत की १०. मिनेत्ती नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या चढ-उतारांवर धावायला किती ऊर्जा लागते ते मोजलं होतं, २००२ साली. त्यांच्या सूत्राप्रमाणे १०० मीटरला १० मीटर चढ असेल तर सपाटीच्या सुमारे १.६५ पट ऊर्जा लागते, तेवढ्याच उतारावर ०.६ पट. दोन्ही मिळून २.२५. सपाटीवर तेच अंतर २ मध्ये होतं.

ए-५०२ : पण उतार सोपा. गेलेला वेळ तिथे भरून काढायचा की!

सी-३०१ : काका, तो पूर्ण भरून निघतच नाही, वरचा हिशोब बघा. शिवाय उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार अडवतात. म्हणून मांड्या भरून येतात, त्याही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. टाच पुढे रोवून ब्रेक लावू नका. पाऊल अंगाखाली पडू दे, छोटं आणि भरभर, गुडघा किंचित वाकलेला.

बी-२०२ : आणि चढताना? मी लांब टांगा टाकते, चढ लवकर संपावा म्हणून.

सी-३०१ : ताई, तिथेही पाऊल छोटंच, ठेका सपाटीचा. कमरेत वाकलं की श्वास नीट भरता येत नाही. झुकायचं ते घोट्यापासून, तेही थोडंच. मारुतीच्या देवळाकडचा खडा भाग सरळ चाला. पट्टीचे डोंगरी धावपटूही अशा ठिकाणी चालतात. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग लवकर तापतं, तेव्हा पहिला चढ मुद्दाम हळू घ्या.

ए-५०२ : पायऱ्यांनीच खाली येऊ ना?

सी-३०१ : नको काका. पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ धरतं. डांबरी रस्त्याने उतरू.

बी-२०२ : रविवारी पावणेसहाला गेटवर. पाणी मी आणते.