बनवलेल्या भाषेत तरी शब्द कुठे तुटतो ते कळायला हवं की नको?

गोदाकाठचा: काल नाशिकात निमाणीला रिक्षावाला शालिमार आणि सीबीएस या दोन थांब्यांची नावं एका दमात ओरडत होता, "शालिमारसीबीएसशालिमारसीबीएस!" धुळ्याहून आलेली मावशी मला विचारते, "हे मारसीबी कुठं आलं रे?"
मराठीला माफ आहे, ती कोणी बसून आखलेली नाही. पण झामेनहॉफने १८८७ साली एस्पेरांतो मांडली ती कोऱ्या कागदावर. तिच्यात 'कोलेगो' म्हणजे सहकारी, आणि कोल-एग-ओ असं तोडलं की भलीमोठी मान! त्यापेक्षा लोज्बान ही दुसरी बनवलेली भाषा बघा. मूळ शब्द रोमन लिपीत बरोब्बर पाच अक्षरांचा, सुरुवातीला किंवा मध्ये दोन व्यंजनं जोडून, शेवटी स्वर, आघात शेवटून दुसऱ्या स्वरावर. न थांबता बोललं तरी कान शब्द सुटे करतो. भाषा बनवायचीच तर अशी बनवा.

पंचवटीकर: मोठ्या मानेमुळे कोणाचं अडलंय राव? आमच्या वाड्यात सुधा आणि सुधाकर दोघंही होते. आजीने आतून "सुधा, कर चहा" म्हटलं की सुधाकर प्यायला हजर, आणि सुधा पुस्तकातून मान वर काढत नसे. चहा उशिरा झाला, पण विनोद चाळीस वर्षं पुरला. 'नवरी' आणि 'न वरी' यावर आपल्याकडे सभंग श्लेष नावाचा अलंकारच उभा आहे. तुमच्या लोज्बानमध्ये असला श्लेष करून दाखवा.

गोदाकाठचा: श्लेष कवीला लागतो, मावशीला रिक्षा लागते.

कॉलेजरोडवाली: दोघंही दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवताय. शब्द कुठे संपला हे कळणं वेगळं, अर्थ कळणं वेगळं. लोज्बानमध्ये 'गेरकू' म्हणजे कुत्रा, 'झ्दानी' म्हणजे घर. 'गेरकू झ्दानी' ऐकलं की शब्द दोन आहेत आणि पहिला दुसऱ्याचं विशेषण आहे, यात शंका नाही. पण ते कुत्र्यासाठीचं घर, की कुत्र्याच्या आकाराचं घर? ते ऐकणाऱ्याने ठरवायचं, आणि हे नियमातच मोकळं सोडलंय. त्यामुळे लोज्बानची 'संदिग्धता नसलेली भाषा' ही जाहिरात अर्धीच खरी.
शिवाय गोदाकाठचे दादा, तुमचा तो रिक्षावाला लोज्बानमध्ये नापास होईल. विशेषनाम व्यंजनावर संपलं पाहिजे, आणि त्यानंतर थांबणं सक्तीचं. नाशिक चालेल, शालिमार चालेल, पण पंचवटीच्या शेपटीला उगाच 'स' नाहीतर 'न' लावावा लागेल.

पंचवटीकर: पंचवटीस?! मी आजपासून पंचवटीसकर की काय?

गोदाकाठचा: विरामाचं मान्य, ते माझ्या लक्षात नव्हतं. अर्थाचंही मान्य. पण ताई, शब्दच हाती लागला नाही तर अर्थावर भांडणार कशाच्या जोरावर? आणि रिक्षावाला दर शालिमारनंतर थांबला, तर तेवढ्यात मागचा त्याचं सीट पळवेल.