कोल्ट नेव्ही की रेमिंग्टन?
या दोन जुन्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरांपैकी, गोळ्यांच्या फिरत्या सिलिंडरच्या वरून जाणाऱ्या पोलादी पट्टीमुळे रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मी हेच श्रेष्ठ ठरते, या मताशी मी भक्कमपणापुरता सहमत आहे. १८५१ च्या कोल्ट नेव्हीची नळी एका आडव्या पाचरीने जोडलेली असते आणि नेम धरण्याची मागची खाच घोड्यावरच, म्हणजे बार उडवणाऱ्या हातोडीवरच, कोरलेली असते. रेमिंग्टनमध्ये ती खाच स्थिर पट्टीत असल्याने नेम अधिक भरवशाचा राहतो. मात्र बंदुकीच्या काळ्या दारूची काजळी हा या ठासणीच्या शस्त्रांचा खरा शत्रू आहे, आणि तिथे कोल्टचा जाड, ग्रीस धरून ठेवणाऱ्या खाचांचा आस (ज्यावर सिलिंडर फिरते तो दांडा) उपयोगी पडतो, तर रेमिंग्टनची बारीक पिन लवकर आवळते आणि सिलिंडर जड फिरू लागते. दारू पेटवणाऱ्या तांब्याच्या छोट्या टोपीचा फुटलेला तुकडा घोड्यापाशी अडकण्याचा दोष कोल्टमध्ये अधिक आहे, हेही मान्य केले पाहिजे. तरीही मी ०.३६ इंची नेव्हीच निवडेन, कारण ०.४४ इंची रेमिंग्टनपेक्षा तिचा धक्का सौम्य असतो, तिची मूठ हातात सहज बसते, आणि सिलिंडरवर कोरलेले टेक्सासच्या आरमाराच्या १८४३ मधील कांपेचेच्या लढाईचे दृश्य मला अतिशय देखणे वाटते.