मदत हवी आहे: पॅच अँटेनाची फ्रिक्वेन्सी बदलतच नाही, शनिवारी रिव्ह्यू आहे

अर्धवट_इंजिनिअर: फायनल इयर प्रोजेक्ट, रिकॉन्फिगरेबल अँटेना, म्हणजे स्विचनं फ्रिक्वेन्सी बदलणारा. पॅचमध्ये (बोर्डावरचा तांब्याचा सपाट तुकडा) स्लॉट म्हणजे लांबट फट, स्लॉटवर दोन्ही काठ जोडणारा डायोड. सॉफ्टवेअरमध्ये डायोड ऑफ असताना २.४ आणि ऑन केल्यावर ३.१ गिगाहर्ट्झ येतंय. बोर्ड करून आणला, तर काही केलं तरी २.४ च. सोल्डरिंग तीनदा केलंय. कनेक्शन बरोबर आहे. लवकर सांगा.

उद्यमनगरी: डायोड कुठला? बायस, म्हणजे डायोड ऑन करायचा डीसी, कसा दिलाय? मोजलं कशावर? "कनेक्शन बरोबर" म्हणजे काय, ते इथनं दिसत नाही भावा.

अर्धवट_इंजिनिअर: पिन डायोड, रेडिओ सिग्नलला स्विच म्हणून वापरतात तो. कॉलेजचा व्हीएनए (अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला चालतो ते दाखवणारं यंत्र). बाकी नेहमीसारखंच.

गल्ली_नंबर_चार: आमच्या मंगळवार पेठेत घरात शिरलं की रेंज जाते. असला अँटेना छपरावर लावला तर येईल का?

रंकाळा_हॅम: ४००७ लावला असणार, पॉवर सप्लायमधला साधा डायोड, पैज! एचएफला (३० मेगाहर्ट्झच्या आत) मीही तोच स्विच म्हणून वापरतो, झकास चालतो. पण २.४ गिगाला त्याची १५ पिकोफॅरड कपॅसिटन्स म्हणजे जेमतेम साडेचार ओहम. ऑफ केला तरी सिग्नलला दार उघडंच.

उद्यमनगरी: काका, तसं असतं तर पोरगं ३.१ च्या बाजूला अडकलं असतं. हा २.४ वर अडकलाय.

अर्धवट_इंजिनिअर: ४००७ नाही हो, बीएआर६४ आहे.

व्हॅरॅक्टर_प्रेमी: मुळात पिन कशाला? व्हॅरॅक्टर लाव, व्होल्टेजनं कपॅसिटन्स बदलणारा डायोड. व्होल्टेज फिरवशील तशी फ्रिक्वेन्सी सरकते, करंटही जवळजवळ लागत नाही.

रंकाळा_हॅम: आणि पॉवर वाढली की डिस्टॉर्शन. ते नाही सांगितलंत.

व्हॅरॅक्टर_प्रेमी: पोरगं काय किलोवॅट सोडणार आहे का?

उद्यमनगरी: शनिवारी रिव्ह्यू आहे त्याचा, तुम्ही घर पाडून नवं बांधा म्हणताय. पोरा, व्होल्ट किती, करंट किती?

अर्धवट_इंजिनिअर: ५ व्होल्ट, ३३० ओहम रेझिस्टर, मीटरवर १५ मिलिअँप. म्हणजे डायोड ऑनच आहे की!

उद्यमनगरी: गोम इथंच आहे. डायोडवर पाऊण-एक व्होल्ट पडायलाच पाहिजे, म्हणजे करंट तेराच्या आतबाहेर. पुरते १५ म्हणजे सगळे ५ व्होल्ट रेझिस्टरवरच पडतायत. तुझा स्लॉट पॅचच्या मधोमध आहे ना? मग त्याच्या दोन्ही काठांचं तांबं टोकाला एकच आहे. करंट स्लॉटला वळसा घालून जातोय, डायोडकडं फिरकतही नाही. काठांमधलं व्होल्टेज मोज.

अर्धवट_इंजिनिअर: ०.०० 😐 मग सॉफ्टवेअरमध्ये कसं चाललं?

उद्यमनगरी: तिथं डायोडच्या जागी तांब्याची पट्टी काढली असशील. पट्टीला बॅटरी लागत नाही. आता डायोडच्या एका पायाखालचं तांबं बारीक चीर देऊन बाकी पॅचपासून तोड, चिरेवर ४७ पीएफचा (पिकोफॅरड) कपॅसिटर बसव. २.४ ला तो दीड ओहमसुद्धा नाही, डीसीला मात्र पूर्ण बंद. बायसच्या दोन्ही तारांत चोक, म्हणजे डीसी सोडणारी पण सिग्नल अडवणारी कॉइल. आणि व्हीएनएच्या तोंडाला डीसी ब्लॉक आहे ना? फीड, म्हणजे व्हीएनएची केबल, त्याच तांब्याला आहे, बायसचा डीसी सरळ यंत्रात शिरेल.

अर्धवट_इंजिनिअर: डीसी ब्लॉक म्हणजे?

उद्यमनगरी: आधी केबल काढ. मग बोलू.

रंकाळा_हॅम: ४७ पीएफचे चिप कपॅसिटर माझ्याकडं पडून आहेत. संध्याकाळी रंकाळ्यावर ये, देतो. माझा ४००७ चा बोर्डपण बघून जा.