लिट्टे 2009 मध्ये नाही, 2007 मध्येच हरली होती

वेलदोडा:
नक्षलवाद असो की काश्मीर, चर्चा तापली की कुणीतरी म्हणतंच, "श्रीलंकेने करून दाखवलं ना!" म्हणजे जगाचं ऐकू नका, सैन्याला मोकळं सोडा, मधे माणसं मेली तर मेली, प्रश्न कायमचा मिटतो, जसा तिथे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या लिट्टे या सशस्त्र संघटनेचा मिटला. मी सैन्यात नव्हतो, पत्रकारही नाही. नोकरी सांभाळून बरीच वर्षं या युद्धाबद्दल मिळेल ते वाचतो आहे, आणि हा धडा मला मुळातच चुकीचा वाटतो.

मे 2009 मध्ये श्रीलंकेच्या ईशान्येकडच्या नंदिकडल खाजणाच्या काठी लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन मारला गेला, ते शेवटचं पान होतं. युद्धाचा निकाल त्याआधी तीन ठिकाणी लागला होता.

पहिलं ठिकाण पूर्व किनारा. मार्च 2004 मध्ये लिट्टेचा पूर्वेकडचा सेनापती करुणा अम्मान संघटनेतून फुटला. तो नुसता एक सेनापती नव्हता. 1997 ते 99 मध्ये सरकारी फौज उत्तर टोकाच्या जाफन्याचा रस्ता उघडायला वन्नीत, म्हणजे उत्तरेतल्या जंगलपट्ट्यात घुसली, तेव्हा तिला अडवणाऱ्यांत पूर्वेच्या बट्टिकलोआकडची पोरं मोठ्या संख्येने होती. ती भरतीची जमीनच हातातून गेली.

दुसरं, मतपेटी. नोव्हेंबर 2005 च्या अध्यक्षीय निवडणुकीत लिट्टेने उत्तरेतल्या तमिळांना मतदान करू दिलं नाही. जाफना जिल्ह्यात जेमतेम सव्वा टक्का मतदान झालं. वाटाघाटी करू पाहणारे रनिल विक्रमसिंघे सुमारे 1 लाख 80 हजार मतांनी हरले आणि महिंदा राजपक्षे आले. आपला शत्रू लिट्टेने स्वतः निवडून आणला.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, समुद्र. लिट्टेचे तोफगोळे मोठ्या जहाजांतून येत. ही जहाजं किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर तरंगत्या गोदामांसारखी उभी राहायची आणि ट्रॉलरमधून माल ईशान्य किनाऱ्यावरच्या मुल्लैतीवूच्या बाजूला उतरायचा. श्रीलंकेच्या नौदलाने ती एकेक करून गाठली. सप्टेंबर-ऑक्टोबर 2007 मध्ये शेवटची मोठी जहाजं बुडवली तेव्हा त्यांच्या गस्ती नौका ऑस्ट्रेलियाच्या दिशेने खूप खोल गेल्या होत्या. यातली 'सयुरा' ही नौका मूळची आपल्या नौदलाची. त्यानंतर लिट्टेकडे माणसं होती, जिद्द होती, पण डागलेल्या गोळ्याच्या जागी नवा गोळा येत नव्हता.

म्हणून 2009 च्या पहिल्या पाच महिन्यांत जे हजारो नागरिक मारले गेले, ती विजयाची किंमत होती हे मला मान्य नाही. विजय आधीच हातात होता.

बिनीवाला:
पूर्ण असहमत. मी 1987 मध्ये श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेबरोबर जाफन्यात होतो. शहर आम्हीही घेतलं होतं. लिट्टे जंगलात सरकली आणि आम्ही जवळजवळ 1,200 जवान गमावून मार्च 1990 मध्ये परत आलो. शहरं घेऊन काही होत नाही आणि जहाजं बुडवूनही आपोआप काही होत नाही. जंगलात पायी जाऊन जमीन घ्यावी लागते.

तुमचं 2007 घ्या. त्याच ऑक्टोबरमध्ये लिट्टेचे 21 आत्मघातकी 'वाघ' अनुराधापुराच्या हवाई तळात घुसले आणि विमानांची राख केली. त्याच्या वर्षभर आधी जाफन्याजवळच्या मुहमालैच्या आघाडीवर लष्कराची शंभरावर माणसं एका दिवसात पडली होती. हरलेली संघटना अशी असते? पुढे लिट्टेची राजधानी किलिनोच्ची घ्यायला 2 जानेवारी 2009 उजाडला, तेही चर आणि मातीचे बांध एकेक करून ओलांडत. ते काम आठ-आठ जणांच्या लहान तुकड्यांनी केलं. लष्करप्रमुख सरथ फोन्सेकांनी लढण्याची पद्धतच बदलली. घरी बसून नकाशा पाहिला की पायदळ दिसत नाही.

वेलदोडा:
बिनीवाला साहेब, तुम्ही तिथे होतात, त्याचा पूर्ण आदर ठेवून लिहितो. अनुराधापुराचा हल्ला जबरदस्त होता. पण त्यातून तोफगोळे मिळाले नाहीत, माणसं मात्र गेली. जुलै 1996 मध्ये मुल्लैतीवूचा तळ लुटून त्यांनी तोफा मिळवल्या होत्या, एप्रिल 2000 मध्ये जाफन्याच्या वाटेवरचा एलिफंट पासचा तळ घेतला होता. 2007 नंतर अशी एकही लढाई दाखवा, जिच्यात त्यांनी मोठा भूभाग परत मिळवून टिकवला. शांतिसेनेच्या वेळी समुद्र मोकळा होता, शिवाय 1989 नंतर कोलंबोच्या प्रेमदासा सरकारनेच लिट्टेला शस्त्रं दिली. तोच फरक मी सांगतो आहे.

कडूगोड:
वेलदोडा, मुद्दा चांगला मांडलात, पण त्यातून काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे. जिंकलेच होते, तर थांबायला काय हरकत होती, असंच ना? थांबल्यावर काय होतं ते कोलंबोने पाहिलं होतं. एप्रिल 1995 मध्ये शस्त्रसंधी चालू असताना त्रिंकोमालीत लिट्टेने नौदलाच्या दोन नौका उडवल्या. 2002 च्या शस्त्रसंधीत परराष्ट्रमंत्री कदिरगामर यांना त्यांच्या घरी गोळी घातली. आणि शेवटी नागरिकांना ढाल कुणी केलं? पळून जाणाऱ्यांवर गोळ्या कुणी चालवल्या? पोरं पळवून फळीवर कुणी उभी केली? लिट्टेने. त्याचा उल्लेख तुमच्या लिखाणात एका ओळीचाही नाही.

टोरांटोकर:
मे 2009 मध्ये इथे टोरांटोत तमिळ लोकांनी गार्डिनर एक्स्प्रेसवे हा महामार्ग अडवला होता. बायका-मुलं रस्त्यावर बसली होती. माझ्या ओळखीतल्या काहींचे नातेवाईक तिकडे युद्धाच्या शेवटच्या पट्ट्यात अडकले होते. त्यातले लिट्टेवर जीव टाकणारे होते, तसे तिच्या खंडणीला कंटाळलेलेही होते.

कडूगोड म्हणतात ते खरं आहे, लिट्टेने लोकांना धरून ठेवलं. पण सप्टेंबर 2008 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना किलिनोच्चीतून बाहेर काढलं ते सरकारने. आत 70 हजारांच्या आसपासच लोक आहेत असं सांगितलं तेही सरकारने, आणि अन्न-औषध त्या हिशेबाने गेलं. युद्ध संपल्यावर छावण्यांत पावणेतीन लाखांच्या वर माणसं निघाली. सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलेल्या जागेवर गोळे पडले, इस्पितळांवर पडले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2011 मध्ये मृतांचा आकडा 40 हजारांपर्यंत असू शकतो असं म्हटलं. दोन्हीकडच्या बंदुकांमधे तीच माणसं होती.

वेलदोडा:
कडूगोड, लिट्टेबद्दल मला तिळमात्र माया नाही. ऑक्टोबर 1990 मध्ये तिने उत्तरेतले मुसलमान एका फटक्यात हाकलले, राजीव गांधींना मारलं. पण तुमच्या दोन्ही उदाहरणांत लिट्टेकडे वन्नीचं जंगल होतं, जहाजं होती, परदेशातून पैसा येत होता. एप्रिल 2009 मध्ये आनंदपुरमला तिचे उरलेसुरले सेनापती पडल्यावर काय होतं? काही चौरस किलोमीटर वाळू, समोर नौदल, मागे खाजण. तिथे जड तोफा बंद ठेवून लोकांना बाहेर यायला वाट आणि वेळ दिला असता, तर लिट्टे नव्याने कशी उभी राहिली असती?

कडूगोड:
अगदी सोप्या रीतीने. प्रभाकरन एका रात्री होडीतून निसटला असता तर परदेशातला पैसा पुन्हा सुरू झाला असता. नाकेबंदी कितीही कडक असो, एक होडी निसटतेच. ती जोखीम घ्यायला कोलंबोतला कुठलाही नेता तयार झाला नसता, रनिलसुद्धा.

बिनीवाला:
होडीच्या मुद्द्यावर कडूगोडशी सहमत. पण जड तोफांबद्दल वेलदोडा म्हणतात ते मला नाकारता येत नाही. एवढ्याशा पट्टीत, माणसांनी खच्चून भरलेल्या, लांबून तोफ डागायची नसते. ते काम रायफलवाल्याचंच. आमचे जास्त जवान गेले असते, असं त्यांचे अधिकारी म्हणतील. गेले असते. युद्ध मात्र 2007 मध्ये संपलं होतं, हे मी मानत नाही.