आधी पंप की आधी चेंबर? ट्रॅकच्या इंजिनाचे पैसे कुठे घालायचे

घाटवळण (फोंडा)

मित्राच्या मारुती एस्टीमचं १६ व्हॉल्व्हचं १.३ इंजिन, म्हणजे सुझुकीचं जी१३बीबी, सध्या कुंडईच्या एका शेडमध्ये उघडं पडलंय. कॅम बदललाय, हेड पोर्ट झालंय, आरपीएम साडेसात हजारांपर्यंत न्यायचे आहेत. गोव्यात कायमचा ट्रॅक नाही, त्यामुळे पाऊस सरला की गाडी कोईमतूरला करीच्या २.१ किलोमीटरच्या ट्रॅकवर न्यायचा बेत आहे. उरलेल्या पैशांत दोनांपैकी एकच काम होईल. एक तर जाड गिअरचा हाय-व्हॉल्यूम ऑइल पंप, नाही तर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, बॅफल (ऑइल अडवणारे पडदे), झडपा आणि विंडेज ट्रे (फिरता क्रँक आणि ऑइल यांच्यामधली प्लेट). मित्र पंपावर अडून बसलाय. मी म्हणतो पंप राहू दे, चेंबर कर.

पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. बेअरिंगच्या फटीतून ते निसटताना जी अडवणूक होते, तिचं प्रेशर बनतं. चांगल्या स्थितीतल्या इंजिनात आरपीएम वाढले की रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारी झडप) उघडतोच. त्यापुढे पंप कितीही मोठा असो, जास्तीचं ऑइल बायपासमधून मागेच फिरणार.

दुसरं म्हणजे, पंपाच्या ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरच्या जाळीपाशी ऑइल असेल तरच पंप ते ओढणार. एवढ्याशा इंजिनात सगळं मिळून तीन-साडेतीन लिटर ऑइल, त्यातलं बरंच वर हेडमध्ये आणि गॅलरीत (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांत). १ जीचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा आडवा जोर देणारं, वळण घेतलं की चेंबरातल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांत तिरका होतो. ऑइल एका भिंतीवर चढतं आणि जाळी हवेत उघडी पडते. मोठा पंप अशा वेळी काय करणार? तीच हवा जास्त वेगाने ओढणार.

आणि ‘हाय-व्हॉल्यूमच घ्या’ हा सल्ला आला कुठून, तेही बघा. तो शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही८ वाल्यांचा. तिथे पंप मागच्या मेन कॅपला लटकतो आणि डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर फिरतो. गिअर १.२ इंचांचे होते ते १.५ इंचांचे केले की साधारण २५ टक्के जास्त ऑइल मिळतं. तिथे मोठ्या फटी ठेवून इंजिन बांधायची रीतच आहे. आपला पंप पुढे थेट क्रँकच्या नाकावर बसलेला जेरोटर (गिअरच्या आत गिअर फिरणारा पंप). तिकडचं औषध इकडे कशाला?

जुना फिटर (म्हापसा)

पोरा, पुस्तक छान वाचलंस. आता इंजिन बघ.

पंचवीस वर्षांचा ब्लॉक आहे. मेन बोअर (क्रँकच्या बेअरिंगची भोकं) गोल राहिलेत की नाही ते मोजलं का? क्रँक घासलेला आहे की मूळ मापाचा? शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात अर्धा तास गाडी रांगेत उभी राहिली की ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि आयडलला ऑइलचा दिवा मिचकायला लागतो. तेव्हा तुझा रिलीफ व्हॉल्व्ह बंदच असतो. जे काही प्रेशर आहे ते पंप किती ऑइल देतो त्यावरच. जाड गिअर घातले की तिथे फरक पडतो, हे मी गेजवर बघितलंय.

आणि चेंबर कापायचं म्हणतोस, ते कोण कापणार? पातळ पत्र्याला हौशी माणसाने वेल्डिंग मारलं की फ्लँज वाकडी होते, मग पॅकिंगवर पॅकिंग चढवत बसा. झडपेच्या बिजागरीचा स्क्रू सैल होऊन जाळीला चिकटलेला मी माझ्या हाताने काढलाय. पंप बोल्टवर बसतो. त्यात कापाकापी नाही.

मांडवीपारची

दोघांच्याही बोलण्यात निम्मं बरोबर आहे, म्हणून आकड्यात मांडते.

फटीतून गळणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ४५ मिमीचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा भाग) धरला, तर व्यासाचा हजारावा भाग या जुन्या ठोकताळ्याने फट ०.०४५ मिमी येते. तीच ०.०६० झाली तर त्याच प्रेशरला जवळपास २.४ पट ऑइल निसटतं. म्हणजे सैल इंजिनात मूळ पंप अपुरा पडतो हे फिटरबाबांचं म्हणणं खरं आहे, पण फक्त सैल इंजिनात. फट नेमकी किती ठेवली, हे सांगितल्याशिवाय हा वाद हवेतच राहणार. फट मोजायची प्लास्टिगेजची पट्टी काही महाग नाही.

मोठा पंप पॉवर खातो असं इथे कुणी तरी लिहील, त्याआधीच सांगते. मिनिटाला ३० लिटर, ५ बार प्रेशर, याचा हिशेब पाव किलोवॅट येतो. पंपाची अकार्यक्षमता धरली तरी अर्ध्या हॉर्सपॉवरच्या आसपास. त्यावरून भांडू नका. बायपासमध्ये फिरून ऑइल तापतं आणि फेसाळतं, तो मुद्दा जास्त महत्त्वाचा.

घाटवळण

ताई, मेन आणि बिगएंड (रॉडचं बेअरिंग) दोन्ही मोजलेत. सगळे ०.०४ आणि ०.०५ च्या मध्ये आहेत, क्रँक मूळ मापाचा. म्हणजे इंजिन घट्ट आहे. मग जाड गिअरचं कारण उरतं का?

फिटरबाब, आयडलच्या दिव्याचं तुम्ही म्हणता ते खोटं नाही. पण तो दिवा बहुतेक गाड्यांत अर्ध्या बारच्या खाली गेल्यावर लागतो. वळणात सहा हजारांवर प्रेशर पाचवरून दोनवर आलं तरी तो गप्प राहतो, आणि बेअरिंग नेमकं तेव्हाच जातं. बाजारातल्या आयडलला कुणाचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलाय?

ड्रायसंप

एवढी चर्चा, आणि खरं उत्तर कुणी लिहीतच नाही. पोर्शने ९११ मध्ये १९६४ पासून ड्राय संप ठेवला. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मध्ये शेवरोलेने रस्त्यावरच्या गाडीला तोच दिला. ओढून घेणारे पंप वेगळे, टाकी वेगळी, खाली चेंबर चपटं, इंजिन खाली बसवता येतं. वळण कितीही लांब असो, उंच टाकीच्या तळाशी ऑइल असतंच.

जुना फिटर

आणि एस्टीमच्या बॉनेटखाली ती टाकी बसवणार कुठे, बॅटरीच्या डोक्यावर? बेल्ट, पुली, एवढे होज, प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एकेक जागा. जेवढ्यात हे होईल तेवढ्यात दोन एस्टीम येतील.

ड्रायसंप

मी उत्तर सांगितलं, बजेट नाही.

रायबंदरकर

मी घाटवळणच्या बाजूचा, पण त्याने एक गोष्ट सोडलीय. चेंबर ‘करणं’ म्हणजे लोकांना खोल करणं वाटतं. खोल चेंबर गोव्यात आणूच नका.

आमच्याकडे फेरीबोट आहे. भरती-ओहोटीप्रमाणे रॅम्पचा कोन बदलतो, आणि स्प्रिंग कापलेली गाडी चोडणला उतरताना पोटावर घासते. वर पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि गावोगावचे बिनमापाचे गतिरोधक. पत्र्याचं चेंबर आदळलं तर फुटत नाही, चेपतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. धोका तिथेच आहे. जाळी आणि तळ यांच्यात साधारण ६ ते ९ मिमी जागा असते. तळ तेवढा वर आला की जाळीचं तोंडच बंद होतं. गळती नाही, डाग नाही, फक्त वरच्या आरपीएमला प्रेशर हळूहळू ढासळतं आणि सगळे पंपाला शिव्या देतात. ॲल्युमिनियमचं असेल तर तडकतं, तेव्हा निदान रस्त्यावर ऑइल तरी दिसतं.

वाढवायचं असेल तर आडवं वाढवा. बाजूला खिसे काढले की अर्धा-पाऊण लिटर जास्त मावतं आणि उंची तीच राहते. पण या गाडीत इंजिन आडवं आहे, एका बाजूला एक्झॉस्टचा पाइप, दुसरीकडे ड्राइव्हशाफ्ट. माप घेतल्याशिवाय पत्रा कापू नका. खाली गार्ड लावाच, मात्र त्याला भोकं ठेवा, नाही तर चेंबरला वारा लागत नाही.

काणकोणी

एवढं कशाला? अर्धा लिटर ऑइल जास्त ओता. ट्रॅकवर सगळे तेच करतात.

मांडवीपारची

सगळे करतात कारण ते फुकट आहे. पातळी वर आली की क्रँकचे वजनी भाग ऑइलच्या जवळ येतात आणि साडेसात हजारांवर ताक घुसळल्यासारखा फेस करतात. फेसात हवा असते, हवा दाबली जाते, बेअरिंगमधला थर टिकत नाही. विंडेज ट्रे असेल तर थोडं जास्त भरायला हरकत नाही. ट्रेशिवाय नको.

रेडलाइन रुमडो

पंपाच्या बाजूने एक मुद्दा कुणी मांडलाच नाही, तो मी मांडतो. किती ऑइल देतो ते सोडा, पंप टिकतो का ते बघा. क्रँकच्या नाकावरच्या पंपाला क्रँकची पिळवटणारी कंपनं थेट बसतात. गिअर दाबलेल्या धातूच्या भुकटीचे असतात. आरपीएम लिमिटरवर वारंवार आपटलं की त्यांना तडा जातो, आणि गिअर तुटला की प्रेशर एका क्षणात शून्य. फोर्डच्या मॉड्युलर व्ही८ मध्ये हे इतकं घडलं की बिलेट (अखंड पोलादातून कापलेला) गिअर हा तिथे नेहमीचा बदल झाला. निसानच्या आरबी२६ मध्ये सुरुवातीच्या क्रँकवर पंपाची पकडच अरुंद होती, तिथे लोक कॉलर बसवतात. बॅफल लावून जाळी ऑइलमध्ये ठेवाल, पण ओढणारा गिअरच तुटला तर?

घाटवळण

हा मुद्दा वजनदार आहे, पण तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं मोठ्या इंजिनांची, लांब क्रँकची, आणि आरबी२६ तर टर्बोची. इथे चार सिलिंडरचा आखूड क्रँक आणि टर्बोशिवाय. मूळ डँपर (कंपनं शोषणारी) पुली ठेवली तर कंपनं आवाक्यात राहतात. हलकी ॲल्युमिनियमची पुली लावून वर बिलेट गिअर मागणं म्हणजे स्वतः दुखणं घेऊन मग डॉक्टर शोधणं.

रेडलाइन रुमडो

पुली कोणती आहे ते विचारलंस का मित्राला?

एस्टीमवाला

गाडी माझी, म्हणून शेवटी मीच आलो. हो, हलकी पुली आणलीय. पाकिटातच आहे, आता तिथेच राहील असं दिसतंय.

सगळं वाचलं. पंपाचा हट्ट मी अर्धाच सोडतो. मूळ पंप उघडून फीलर गेजने बघतो. बाहेरचा गिअर आणि बॉडी यांच्यातली फट मॅन्युअलपेक्षा जास्त निघाली किंवा झाकणावर ओरखडे असले तर मूळ मापाचाच नवा पंप घेईन. रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग वॉशर टाकून ताठ करायची का, हा प्रश्न माझा अजून आहे.

चेंबरचं म्हणाल तर वेल्डिंगची भीती मलाही वाटते. मुख्य कॅपच्या बोल्टवर बसणारी बॅफलची प्लेट लेसर कापून घेता येईल, म्हणजे चेंबरच्या पत्र्याला हात लागणार नाही. घाटवळणला ते अपुरं वाटेल.

घाटवळण

अपुरंच आहे. प्लेट ऑइल वर उसळू देत नाही, पण बाजूला जाणारं ऑइल झडपांशिवाय अडत नाही. करीला डावी-उजवी वळणं एकामागोमाग येतात, ऑइल एका भिंतीवरून सुटून दुसऱ्या भिंतीवर चढतं. झडपा आतल्या बाजूला उघडणाऱ्या पाहिजेत, म्हणजे जाळीकडे येणारं येईल, जाणारं अडेल. म्हापशात वेल्डर नसेल तर फोंड्यात मी शोधतो.

मांडवीपारची

स्प्रिंगला वॉशर नको. इंजिन घट्ट आहे, वरचं प्रेशर पुरेसं आहे. सकाळी थंड इंजिनाला ते भलतंच चढेल आणि ताण फिल्टरच्या सीलवर येईल. त्या पैशांत खरा प्रेशर गेज घ्या, सेन्सर मेन गॅलरीवर, आणि रेकॉर्ड होईल असा. पहिल्या सेशननंतर वळणात काटा पडतो की नाही ते दिसेल. झडपा हव्यात की प्लेट पुरते, ते तेव्हा ठरवा.

घाटवळण

पहिल्याच सेशनला पडला तर बेअरिंगही त्याच सेशनला जाईल, ताई.

जुना फिटर

भांडा. वेल्डर म्हापशातही आहेत, मी हौशी माणसाबद्दल बोललो होतो. चेंबर घेऊन ये, फ्लँज जाड प्लेटला बोल्ट मारून मगच टाके घालू, म्हणजे वाकणार नाही. झडपेला स्क्रू नाही, रिव्हेट. माझ्या मते पंप जाडच हवा होता, पण गाडी तुझी.

फिट करताना जाळीवर मातीचा गोळा ठेव, चेंबर पॅकिंगसकट दाब, काढ, गोळ्याची जाडी मोज. पंपात व्हॅसलीन भर, नाही तर कोरडा पंप ओढतच नाही. स्पार्क प्लग काढून स्टार्टर मार, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत प्लग लावू नको. आणि सिलिकॉन बोटभर थापू नको. दाबून आत आलेली वळी सुटली की सरळ जाळीवर जाऊन बसते.