पदवीचा कागद की हातातलं काम?

खडूफळा: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'सगळ्यांना पदवीपर्यंत पोचवा, देश आपोआप पुढे जाईल.' राहवलं नाही. स्टॅनफर्डचे एरिक हनुशेक आणि म्युनिकचे लुडगर वोसमान या अर्थतज्ज्ञांनी नेमकं हेच तपासलंय. १९६० ते २००० मधली पन्नास देशांची आर्थिक वाढ आणि गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांतले गुण त्यांनी ताडून पाहिले. गुण हिशेबात धरले की नुसत्या शाळेत काढलेल्या वर्षांना जवळपास किंमतच उरत नाही. लॅटिन अमेरिकेत शाळेची वर्षं होती, गुण नव्हते; घोडं तिथेच अडलं. आपल्याकडे २०१८ च्या 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भागातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या पोरांना दुसरीचा धडा वाचता आला. त्यांना आणखी दहा वर्षं बाकावर बसवून काय साधणार?

मलबारी: आलेखावर पन्नास देशांच्या ठिपक्यांतून रेघ ओढली म्हणजे कारण सापडलं का? केरळात शाळा कधीच्या सुधारल्या, पैसा आला तो आखातातून.

लेथवाला: भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. परवा इंजिनिअर झालेला मुलगा मुलाखतीला आला. पिन मोजायला दिली. मायक्रोमीटरवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ त्याला दिसलीच नाही, २४.९८ ऐवजी २४.४८ म्हणाला. आमच्या आयटीआयवाल्या टर्नरने लांबूनच मान हलवली. कॉलेजं बंद करा, आयटीआय काढा!

खडूफळा: तेही सरसकट नको. धंदेशिक्षणाने नोकरी लवकर लागते, पण तंत्र बदललं की उतारवयात तीच माणसं मागे पडतात, हेही हनुशेक आणि सहकाऱ्यांनीच दाखवलंय.

लेथवाला: उतारवयात? आमचा टर्नर बावन्नाव्या वर्षी सीएनसी, म्हणजे संगणकाला आकडे देऊन चालवायचं यंत्र, शिकला, माझ्या डोळ्यांदेखत. कागदावरच आमची माणसं निकालात काढू नका!

झेडपीबाई: गुणांवर बोलताय, तर माझंही ऐका. दोन इयत्ता एका खोलीत, त्यात मतदारयादीचं काम. मागच्या वर्षी ऐन वाचनाच्या दिवसांत मी दारोदार फिरत होते. नंतर 'मुलांना वाचता का येत नाही' म्हणून खुलासा मागितला तो माझ्याकडेच. आधी आम्हाला वर्गात राहू द्या.

मलबारी: बाई, हे मात्र पटलं. रेघेबद्दलचं माझं म्हणणं कायम.

लेथवाला: टर्नरला आत्ताच विचारलं. म्हणाला, 'सीएनसी जमलं, कारण आठवीच्या गुरुजींनी आलेख घोटून घेतले होते. एक्स-वाय तिथलंच.' खडूफळा, एवढं तुमचं खरं. पण पन्नाशीवाल्यांबद्दलचे शब्द मागे घ्या.